तीनशे बारा दीर्घिका आणि माझे निर्दोष डोळे

"नक्की काय दिसत नाही?" डोळ्यांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"दीर्घिका," मी म्हणालो.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे?"

"म्हणजे आपली आकाशगंगा असते ना, तशा लांबच्या. तशा त्या दिसतात. पण त्यांच्या कडेचे पापुद्रे दिसत नाहीत."

"किती अंतरावरून?"

"साधारण वीस कोटी प्रकाशवर्षं."

डॉक्टर सज्जन होते. "मी सहा मीटरपर्यंतचंच बघतो," एवढंच म्हणाले आणि त्यांनी मला भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली. मी शेवटची ओळ वाचली. तिच्याखाली तक्ता छापणाऱ्या प्रेसचं नाव होतं, तेही वाचलं. 'डोळे निर्दोष' असं त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं. चिठ्ठी घेऊन मी बाहेर आलो तेव्हा मला घाम फुटला होता. एखादा साधा नंबर निघाला असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

याला आता अकरा वर्षं झाली. मी तेवीस वर्षांचा होतो, एम.एस्सी. नुकतीच संपली होती, आणि विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात कुलथे मॅडमच्या पीएच.डी.च्या कामाला सहायक म्हणून लागलो होतो. वैजयंती कुलथे, वय एकोणपन्नास. उदगीरकडच्या एका कॉलेजात एकोणीस वर्षं ऑप्टिक्स शिकवून आणि दोन मुलींना बारावीपार नेऊन मग त्या संशोधनाला आल्या होत्या. दोन मुदतवाढी संपलेल्या. एकतीस जुलैला नोंदणी बाद होणार होती. त्याआधी प्रबंध सादर झाला तर ठीक, नाहीतर सहा वर्षं पाण्यात आणि मॅडम परत उदगीरला.

विषय त्यांनी मला पहिल्याच दिवशी फळ्यावर दोन लंबगोल काढून समजावला. एक हरभऱ्याएवढा, एक बटाट्याएवढा.

"या लंबवर्तुळाकार दीर्घिका. विश्वातल्या सगळ्यात वयस्कर बायका. यांच्यात नवे तारे होणं कधीच थांबलंय. हजार कोटी वर्षांपूर्वीच्या बघितल्या तर अशा एवढ्याशा, घट्ट. आणि आजच्या बघितल्या तर चौपट फुगलेल्या. आता मला सांग शार्दूल, घरातली चूल बंद आणि अंग तर वाढतंय. कसं काय?"

"बाहेर खातात."

"बाहेर खातात!" मॅडमनी खडू टेबलावर आपटला. त्यांना इतका आनंद झाला की मला वाटलं मीच काहीतरी शोधून काढलंय. "शेजारच्या बारक्या दीर्घिका गिळतात. आणि खाल्लेलं लपत नाही बघ. त्या बारकीचे तारे मोठीच्या बाहेरच्या अंगाला पापुद्र्यासारखे पसरून राहतात, शंभर-दोनशे कोटी वर्षं. म्हणजे किती जणींच्या अंगावर अजून पापुद्रे आहेत हे मोजलं, की या बायांचं खाणं कधीपर्यंत चालू होतं ते कळलं."

मोजायचं कसं, तर बघून. पापुद्रे इतके पुसट असतात की त्या वेळी त्यासाठी संगणकावर भरवसा ठेवता येत नव्हता. तीनशे बारा दीर्घिकांचे फोटो. प्रत्येक फोटो उजळ करायचा, डोळे फाडून बघायचं आणि लिहायचं: आहे किंवा नाही. आता माणसाच्या डोळ्याला जे हवं ते दिसतं. म्हणून दोघांनी बघायचं, एकमेकांना न विचारता. पहिला डोळा मॅडमचा. दुसरा माझा.

मॅडमनी एकोणीस वर्षांत विद्यापीठाच्या चिक्कार प्रश्नपत्रिका काढल्या होत्या. ती शिस्त त्यांनी दीर्घिकांना लावली. त्या खिडकीकडे तोंड करून बसणार, मी भिंतीकडे, मध्ये गोदरेजचं कपाट. दोघांचं बघून होईपर्यंत दीर्घिकेबद्दल चकार शब्द काढायचा नाही. चहालासुद्धा नाही. तीन महिने आम्ही चहाला फक्त शेपूच्या भाजीबद्दल बोललो. बाजू घेण्यासारखा दुसरा विषयच नव्हता. मॅडमचं बघून झालं तेव्हा त्यांनी यादीची प्रत काढली, पाकिटात घातली, लाख वितळवून सील केलं, जोडावर आडवी सही ठोकली आणि पाकीट पळणिटकर सरांच्या कपाटात ठेवायला दिलं. सर म्हणजे त्यांचे मार्गदर्शक.

"अहो मॅडम, दीर्घिका आहेत," सर म्हणाले, "बी.एस्सी.चा पेपर नाही."

"सर, फुटायचं असलं की काहीही फुटतं."

फुटली. लाख फक्त कागदाला लागते. तीच यादी विभागाच्या सामायिक फोल्डरमध्ये उघडी पडली होती, कारण संगणक सगळ्याची एक प्रत तिथे आपसूक ठेवायचा. मॅडमना ते माहीत नव्हतं. मला होतं.

मी चोरी करायला फोल्डर उघडला नव्हता. हे मी स्वतःला अकरा वर्षं सांगतोय. मी अठ्ठेचाळीस दीर्घिका इमानदारीने बघितल्या होत्या. अठ्ठेचाळीस पांढरे गोळे. काही लांबट, काही गोल, एक थोडासा आमच्या काकांसारखा. पापुद्रा कुठेच नाही. वहीत अठ्ठेचाळीस वेळा 'नाही' लिहिल्यावर माणसाला वाटतंच की आपलं काहीतरी चुकतंय. म्हणून मी फक्त ताडून बघायला यादी उघडली. पहिल्या अठ्ठेचाळीसमध्ये मॅडमना सतरा दिसले होते.

दुसऱ्या दिवशी मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. डोळे निर्दोष. म्हणजे दोष त्यांच्या मागे असणार, आणि नोकरीच्या दुसऱ्या महिन्यात तसं कोण कबूल करतं?

मी यादी उतरवली. शाळेत नक्कल करताना दोन गणितं मुद्दाम चुकवायची असतात, एवढं मला कळत होतं. म्हणून अठ्ठावीस ठिकाणी फरक केला. पुढचे तीन आठवडे मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मधूनमधून "हं" म्हणायचो. एकदा तर "अरे वा" म्हणालो. कपाटापलीकडून मॅडमचा आवाज आला, "गप. काही बोलायचं नाही." पण आवाज हसरा होता.

पाकीट सरांच्या केबिनमध्ये फुटलं. सरांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवून खुणा केल्या. एक्क्याण्णव टक्के जुळलं.

मॅडम खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "एवढं तर माझं आणि आमच्या यांचं भाजीच्या मिठावर जुळत नाही."

"नजर आहे पोराला," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी डबा भरून शेंगदाण्याच्या पोळ्या आणल्या आणि तो पहिल्यांदा माझ्यासमोर उघडला. मी चार खाल्ल्या. खरं तर तीन खाल्ल्या असत्या, पण चौथी नको म्हटलं तर त्यांना शंका येईल असं मला वाटलं. अपराध्याची बुद्धी अशी चालते.

तीनशे बारापैकी एकशे चार जणींच्या अंगावर पापुद्रे. एक तृतीयांश! म्हणजे या वयस्कर बायका अगदी परवापरवापर्यंत खात होत्या. आकडा मोठा होता, नवा होता, आणि त्याच्यामागे दोन स्वतंत्र माणसांची नजर होती. मे महिन्यात परिषदेत मांडायचा, जूनमध्ये प्रबंध, जुलैत सुटका. प्रबंध होतोय असं मॅडम कॉलेजला कळवूनसुद्धा मोकळ्या झाल्या.

परिषद कोकणातल्या एका कृषी महाविद्यालयात होती. मूळ जागी लग्न निघालं होतं. सभागृहात पडद्याच्या उजव्या अंगाला भलामोठा रंगीत तक्ता टांगला होता: 'नारळावरील गेंड्या भुंगा: जीवनक्रम'. खिळे ठोकलेले असल्याने तो काढता आला नाही. दोन दिवस विश्वाच्या उत्पत्तीपासूनची सगळी भाषणं त्या भुंग्याच्या अळीशेजारी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घावन खाताना एक तिशीच्या बाई आमच्या टेबलाशी आल्या. डॉ. हेमांगी सरपोतदार, दुसऱ्या एका संस्थेतल्या.

"मॅडम, तुमच्या भाषणानंतर मी एक प्रश्न विचारणार आहे. एकदम समोर विचारणं बरं दिसत नाही, म्हणून आधी सांगायला आले." त्यांनी लॅपटॉप उघडला. "तुमच्यातल्या अकरा दीर्घिकांचे आम्ही सहा-सहा तासांचे फोटो घेतलेत. तुमच्या फोटोंपेक्षा कितीतरी खोल. परिषदेला पाठवलेल्या यादीत अकराच्या अकरांना तुम्ही 'आहे' म्हटलंय. आमच्यात दोघींनाच पापुद्रे आहेत. बाकी नऊ कोऱ्या."

मॅडमनी एकेक फोटो बघितला. घावन गार झालं. "उपकार झाले तुमचे," त्या म्हणाल्या, आणि खरंच तसं म्हणायचं होतं त्यांना.

बाई गेल्यावर त्या मला घेऊन बाहेर कलमांच्या रोपवाटिकेत आल्या. भाषणाला पाऊण तास होता.

"शार्दूल, नीट ऐक. फोटो उजळ केला की ठिपके उठतात. ठिपके जोडून मी पापुद्रे बघितले असतील. होतं असं. सहा वर्षं एखादी गोष्ट शोधत बसलं की ती भाकरीवरही दिसते. पण तुला तर काही शोधायचं नव्हतं. तुलाही दिसले. म्हणून विचारते. खरंच दिसले होते ना?"

मी रोपांकडे बघत होतो. प्रत्येकाला क्रमांकाची पट्टी बांधली होती.

"तू नाही म्हणालास तरी चालेल बरं का," त्या म्हणाल्या. "तर मी आकडा काढून टाकते. नुसती पद्धत सांगते, प्रश्न मांडते, खाली बसते. जुलैपर्यंत नव्याने मोजायला वेळ आहे अजून. हो म्हणालास तर मात्र उभी राहून भांडते."

"दिसले होते मॅडम," मी म्हणालो. वर हसून म्हणालो, "बिनचष्म्याचे दिसले."

त्यांनी माझ्या दंडावर थोपटलं. "मग ठीक. मग भांडू."

भाषण सुंदर झालं. परिषद इंग्रजीत होती, पण मॅडम चिडल्या की मराठीत यायच्या आणि खुश झाल्या तरी मराठीत यायच्या, त्यामुळे अर्धं मराठीतच झालं. 'चूल बंद आणि अंग वाढतंय' याला हशा मिळाला. मग सरपोतदार बाई उठल्या. पडद्यावर एकशे सत्त्याऐंशी क्रमांकाची दीर्घिका आली. डावीकडे आमचा फोटो, उजवीकडे त्यांचा, सहा तासांचा, स्वच्छ. कडेला काहीही नाही.

"फोटो तुमचा खोल आहे, मान्य," मॅडम म्हणाल्या. "पण तुमची आकाशाची पार्श्वभूमी काढायची रीत मोठ्या पुसट गोष्टी खाऊन टाकते, हेही तुम्ही मान्य करा. शिवाय हे माझ्या एकटीच्या नजरेचं काम नाही. दोन माणसं, दोन दिशेला तोंडं, यादी लाखबंद. एक्क्याण्णव टक्के. हे योगायोगाने होत नाही."

अध्यक्ष एक पिकलेले गृहस्थ होते. त्यांना यात रस वाटला. "दुसरे निरीक्षक सभागृहात आहेत का?"

मॅडमनी अभिमानाने माझ्याकडे हात केला.

"या की. दाखवा आम्हाला. आम्हा म्हाताऱ्यांना काही दिसत नाही."

हशा झाला. मी स्टेजवर गेलो. कुणीतरी हातात लेझरचा पॉइंटर दिला. समोर भिंतीएवढी दीर्घिका. एकशे सत्त्याऐंशी. मी ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो. पांढरा गोळा. मी लाल ठिपका गोळ्याच्या खाली उजवीकडे नेला आणि एक कमान काढली. घाईने काढली, त्यामुळे कमान चांगलीच पुसट आली. "साधारण असा," मी म्हणालो.

मागच्या रांगेतल्या दोघांनी मान डोलावली. त्यांना दिसला.

मॅडम दिसलेला प्रत्येक पापुद्रा वहीत पेन्सिलीने काढून ठेवायच्या. ही वही त्यांनी कुणालाच दाखवली नव्हती; मला तर नाहीच. दुसऱ्या निरीक्षकाने फक्त आहे की नाही सांगायचं, असा नियम होता. एकशे सत्त्याऐंशीचा पापुद्रा त्यांच्या वहीत वर डावीकडे होता.

सभागृहात हे एकाच माणसाला माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने वगैरे नाही. फळ्यावरचं गणित शेवटच्या ओळीला चुकलंय हे कळल्यावर शिक्षक वरून खाली बघत येतात ना, तसं. पोळ्यांचा डबा, "अरे वा", सकाळची रोपं, सगळं त्यांनी एकेक ओळ करून तपासलं असणार. ते तपासणं मला स्पष्ट दिसलं. माझे डोळे निर्दोष होते.

मग त्या माइककडे वळल्या. "हा आकडा मी मागे घेते."

अध्यक्ष पुढे झुकले. "अहो, पण आत्ता तर तुम्ही…"

"तपासणीची पद्धत सदोष होती. ती मी ठरवली होती. चूक माझी आहे. सरपोतदार मॅडमचे आभार."

टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कुणालाच कळेना. मी अजून स्टेजवरच होतो. पॉइंटरचं बटण माझ्याकडून दाबलेलंच राहिलं होतं आणि लाल ठिपका गेंड्या भुंग्याच्या कोशावर नाचत होता. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही बसा."

मॅडम बाहेर व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या होत्या. मी दोन पायऱ्या खाली उभा राहिलो.

"किती बघितल्यास?"

"अठ्ठेचाळीस."

"पहिल्या?"

"हो."

"त्यात किती दिसले तुला?"

"एकही नाही."

"माझे सतरा आहेत तिथे," त्या म्हणाल्या. त्यांना यादी पाठ होती. "सतरा आणि शून्य. हे मला फेब्रुवारीत हवं होतं रे."

"मला वाटलं माझ्यातच खोट आहे. तुम्हाला दिसतंय आणि मला…"

"म्हणून तर तुला घेतलं होतं," मॅडम म्हणाल्या. "मला ते दिसायला हवं होतं. तुला काही नको होतं. नुसतं 'नाही' लिहायचं होतंस."

परतीच्या एस.टी.त मी मुद्दाम मागे जाऊन बसलो. मॅडमनी वळून हाक मारली, "इकडे ये, जागा धरलीये." नऊ तास मी त्यांच्या शेजारी बसलो. घाटात त्यांनी मला लिंबाची गोळी दिली, कारण मला एस.टी. लागते हे त्यांना येताना कळलं होतं. कराड सोडल्यावर मी म्हणालो, "सोमवारी मी सरांना सगळं सांगतो."

"सांगू नकोस."

"पण मॅडम…"

"तुझं नाव एकदा असं झालं की कुठेच घेणार नाहीत तुला. मला कॉलेज आहे. मुली आहेत. तू तेवीस वर्षांचा आहेस." त्यांनी खिडकीची काच सरकवली. "आणि मी असं म्हणते म्हणून गप्प बसायचं की नाही, ते तू बघ."

पुढे त्या झोपल्या, किंवा झोपल्यासारखं केलं.

सोमवारी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. समोर मुदतवाढीचा अर्ज होता. मॅडमची सही झालेली, एक रकाना रिकामा.

"बस. हे बघ, भर सभेत आकडा मागे घेतल्यावर आता नवी माणसं लावून सगळं पहिल्यापासून मोजायचं, ते जुलैत बसत नाही. तिसरी मुदतवाढ द्यायला समिती कारण मागते. बाहेरून काही बिघडलं असेल, यंत्र, डेटा, दुसऱ्या कुणाची चूक, तर सहा महिने देतात. विद्यार्थ्याची स्वतःची चूक असेल तर नाही देत. ती म्हणते सगळी चूक तिचीच. मला काही पटत नाही. इतकी काटेकोर बाई." सरांनी पेन उघडलं. "तू शेजारी होतास तीन महिने. तूच सांग. नक्की काय चुकलं?"

अर्जावर पंख्याचा वारा येत होता. सरांनी त्यावर पेपरवेट ठेवला.

"पद्धत," मी म्हणालो.

"कुणाची?"

"मॅडमची."

सरांनी उसासा टाकला आणि रकान्यात लिहिलं. अक्षर लहान होतं, पण मला उलट्या बाजूनेसुद्धा वाचता आलं. मग पेनला टोपण लावून ते म्हणाले, "वाईट झालं. चहा घेणार?"

मी घेतला.